रक्ताचा जमाखर्च

शंकेखोर : ताई, माझी शंका बाहेरच्या माणसाची समजू नका. दर आठवड्याची निळी गोळी मी वर्गात स्वतःच्या हाताने वाटली आहे. विज्ञान शिकवायचो म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मुली माझ्यासमोर घोट घोट पाणी प्यायच्या आणि मधल्या सुट्टीनंतर खिडकीखाली निळ्या गोळ्या सापडायच्या. पण ते राहू द्या. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायचा सरकारी कार्यक्रम १९७० चा. मग २०१३ मध्ये ‘नॅशनल आयर्न प्लस’ आलं, २०१८ मध्ये ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ आलं. त्यात तर प्रमाण दरवर्षी तीन टक्के बिंदूंनी खाली आणायचं ठरलं होतं. आता आपल्या राज्याचा हिशेब बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या बायकांत अ‍ॅनिमियाचं प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास. २०१५-१६ मध्ये पुन्हा ४८. २०१९ च्या फेरीत ५४.२. कोविडवर ढकलायचं म्हटलं तर तीही सोय नाही, महाराष्ट्रातलं काम त्याच्या आधीच उरकलं होतं. पन्नास वर्षं औषध चालू आहे आणि दुखणं हटत नाही, तर वैद्य निदान पुन्हा तपासतो. आपण गोळीचा रंग बदलतो आणि योजनेचं नाव.

सेविका : सर, तुम्ही सगळ्या बायकांची एक बेरीज केलीत. त्याच फेरीतला गरोदर बायकांचा रकाना वेगळा वाचा. ४९.३ वरून ४५.७. बाकी सगळं वर गेलं. १५ ते १९ च्या मुली ४९.७ वरून ५७.२ वर, लहान मुलं वर, पुरुषसुद्धा वर. खाली आला तो एकच रकाना, आणि तो कुणाचा? जिच्या दारात मी आणि आशाताई जातो, जिची नोंद होते, जिच्या हातात लाल गोळ्यांचं पाकीट पडतं, तिचा. दुसरी गोष्ट, न घेतलेल्या औषधाला नापास कसं करता? गरोदरपणात १८० दिवस गोळी घेतली असं सांगणाऱ्या बायका देशभरात २६ टक्के. म्हणजे चौघींतल्या तिघींनी पुरती घेतलीच नाही. का घेत नाहीत तेही मला ठाऊक आहे. तोंडाला लोखंडाची चव येते, मळमळतं, पोट साफ होत नाही, शी काळी होते. आणि शी काळी म्हणजे बाळही काळं निपजणार, हे घरातलं कुणी ना कुणी ठासून सांगतंच. मला टक्क्यांपेक्षा बाळंतपणाची रात्र आठवते. अकरा एचबीच्या, म्हणजे हिमोग्लोबिनच्या, बाईचं अर्धा लिटर रक्त गेलं तरी ती दुसऱ्या दिवशी उशीला टेकून पेज पिते. सहा एचबीच्या बाईचं तेवढंच गेलं, तर आपट्याहून पनवेल गाठेपर्यंत गाडीतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला. हा फरक ज्याने पाहिलाय तो गोळीवर विनोद करत नाही.

शंकेखोर : विनोद नाही करत. पण तुमचा तो खाली आलेला रकाना जरा उन्हात धरून बघू. गरोदर नसलेल्या बाईसाठी एचबीची रेघ आहे १२ ग्रॅमची, गरोदर बाईसाठी ११ ची. एखादीचं एचबी ११.४ आहे. चैत्रात ती आजारी. वैशाखात दिवस राहिले की तेवढ्याच रक्तावर ती बरी. रक्तातलं पाणी वाढतं म्हणून रेघ खाली घेतात, त्यामागचं शास्त्र मला मान्य आहे. पण मग दोन रकाने शेजारी ठेवून कौतुक करताना जपायला हवं. आणि ही १२ ची रेघ आली कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये आखली, तीही मोजक्याच अभ्यासांवरून. निरोगी भारतीय मुलामुलींचं रक्त तपासून काही संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं, की आपल्याकडे ही रेघ खाली असायला हवी. संघटनेने २०२४ मध्ये फेरविचार केला, काही वयाच्या बाळांसाठी आणि गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांसाठी ती खाली घेतली, बाकी बायकांसाठी १२ कायम. बरं, रेघ सोडा, मोजणं बघा. पाहणीवाले बोट टोचून थेंब घ्यायचे. थेंब आला नाही की बोट पिळायचे, आणि पिळलं की रक्ताबरोबर आतलं पाणीही येतं. २०१६ ते १८ मध्ये मुलांच्या पोषणाची एक देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात शिरेतून रक्त घेतलं होतं. तिथे १० ते १९ च्या मुलींत अ‍ॅनिमिया ४० टक्के निघाला. बोटाच्या थेंबावर १५ ते १९ च्या मुलींचा देशाचा आकडा ५९. वयोगट थोडा वेगळा आहे, कबूल, पण सगळा फरक वयाचा नाही. सरकारलाही हे पटलं असावं. कुटुंब पाहणीच्या सहाव्या फेरीतून ही चाचणीच वगळली आणि शिरेच्या रक्तावर वेगळी पाहणी करायचं काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे दिलं.

सेविका : मोजपट्टीवर भांडायचं तर एकाच उत्तराने भांडण मिटवते. बोट पुरुषाचंही पिळायचे ना? यंत्र तेच, सुई तीच, टोचणारी माणसं तीच. पुरुषाची रेघ तर आणखी वर, १३ ची. तरी त्याच फेरीत महाराष्ट्रातले पुरुष २१.९ टक्के आणि बायका ५४.२. यंत्र चुकतं असं धरलं तरी ते एकाच घरात बाईच्या बाबतीत अडीचपट कसं चुकेल? पट्टी दोन बोटं खाली सरकवा, दोन्ही आकडे खाली येतील, मधली दरी राहील. ती दरी मला रोज दिसते. बाईच्या पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह महिन्याला गेलं. एका गरोदरपणाला एकूण लोह लागतं जवळपास एक ग्रॅम. म्हणून तर पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आणि बाईला २९. गंमत बघा, शास्त्राने तिला जास्त वाढायला सांगितलंय आणि घरात ती बसते सगळ्यांच्या नंतर. तोवर कालवणातल्या फोडी संपलेल्या असतात. राहतो रस्सा.

(मध्येच एक नोंद. ‘तिला रक्त कमी आहे’ हे वाक्य आपण बायकांबद्दल इतक्या सहज बोलतो, की ते उंची कमी असल्यासारखं, जन्मखूण असल्यासारखं ऐकू येतं. पुरुषाबद्दल कुणी असं म्हणालं, तर पुढचा प्रश्न हमखास येतो : ‘का? काय झालं?’)

शंकेखोर : दरीचं मला मान्य, हरलो. पण दरी आहे म्हणजे ती लोहानेच भरेल, हे कुठून आलं? आपल्या आपट्याहून परळ गाडीने दोन-अडीच तास. १९२८ च्या सुमारास तिथल्या हाफकिन संस्थेत लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण बाई आल्या. मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, त्याचा शोध घ्यायला. त्या रक्तात पेशी लहान नव्हत्या, उलट फुगलेल्या होत्या, आणि लोहाने ढिम्म फरक पडत नव्हता. फरक पडला तो यीस्टच्या अर्काने. मार्माइट म्हणून पावाला लावायचा स्वस्त पदार्थ मिळतो, त्याने. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ज्याला फॉलिक अ‍ॅसिड नाव मिळालं ते. तुमच्या लाल गोळीतला दुसरा अर्धा भाग मुंबईच्या गिरणकामगार बायकांच्या रक्तातून आलाय, ताई. मग तिसरा भाग कुठे आहे? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं धरून ठेवली. त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी. ज्या आयांचं फॉलेट, म्हणजे तेच फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, म्हणजे पुढच्या मधुमेहाची चाहूल. आणि मघाच्या शिरेच्या रक्ताच्या पाहणीत किशोरवयीन मुलामुलींच्या अ‍ॅनिमियाची कारणं शोधली, तर निव्वळ लोहाच्या कमतरतेचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा. फॉलेट किंवा बी-१२ चा वाटा चौथा हिस्सा. जवळपास तिसऱ्या हिश्शात कारण सापडलंच नाही. आणि आपण सगळ्यांना एकाच रंगाची गोळी देतो.

सेविका : एकच गोळी देतो, कारण द्यायला हात एकच आहे. सर, तुम्ही सांगता ते खरं असेल, पण ते शोधायला काय लागतं? लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासायचं, तर अंगात ताप, जंतुसंसर्ग असला की फेरिटिन उगाच वर दिसतं. मग सूज किती ते दुसऱ्या चाचणीने बघायचं. बी-१२ वेगळं, फॉलेट वेगळं. आदिवासी बाई असेल तर सिकलसेल बघायचं. कित्येक वर्षं आम्ही साहलीच्या नळीत आम्ल टाकून रंगाला रंग जुळवत एचबी काढलं, खिडकीतून ऊन कुठल्या बाजूने येतंय त्यावर अर्धा ग्रॅम इकडेतिकडे. आता हातात मावणारं यंत्र आलं, हीच केवढी मजल. तुमचं पुण्याचं संशोधन माझ्या उपकेंद्राच्या दारात यायला वेळ आहे, तोवर माझ्यासमोरच्या बाईच्या पोटातलं बाळ चालायला लागेल. शंभर बायकांना लोह दिलं आणि त्यातल्या तीस-चाळीसच उभ्या राहिल्या, तर मी ते अपयश नाही म्हणत.

शंकेखोर : आणि बाकीच्या साठ?

सेविका : त्यांना डॉक्टरांकडे पाठवते. जातात की नाही, ते वेगळं.

शंकेखोर : मग औषधाऐवजी अन्नाकडे जाऊ. तिथे तरी आपलं एकमत होईल असं वाटायचं मला, पण तिथेही मी दोनदा तोंडावर पडलोय. वर्गात दरवर्षी सांगायचो, बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्या, जुन्या कोष्टकात अळिवात शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम लोह लिहिलेलं. त्याच हैदराबादच्या संस्थेने २०१७ मध्ये नवी कोष्टकं काढली, त्यात ते सतराच्या आसपास. आजीचं काही चुकलं नव्हतं, सतराही पुष्कळच आहे. पण माझ्या फळ्यावरचा आकडा सहापट फुगलेला होता. दुसरं म्हणजे, पानात लोह असणं आणि अंगाला लागणं ह्या दोन गोष्टी. नाचणीत आहे, माठात आहे, कुळथात आहे, पण त्यातलं थोडंच शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की तेही अडतं. आता रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळतात. कागदावर छान. इथल्या बायका ते दाणे सुपात पाखडून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून वेचून टाकतात, तेही मी पाहिलंय.

सेविका : वेचू नका म्हणून सांगून माझा घसा बसला. अन्नाचं मात्र तुम्ही अर्धंच बोललात. पानातलं लोह अंगाला लागायला लिंबू पुरतं, आवळा पुरतो, आणि वर चिमूटभर सुकट, जवळा, खेकड्याचा रस्सा असला तर त्याच भाजीचं लोह जास्त लागतं. लोखंडी तव्यावरची भाजी, लोखंडी कढईतलं पिठलं, हे बायकांना शिकवावं लागत नव्हतं. कढई गेली, नॉनस्टिक आली. पण माझ्याशी कुणी बाई वाद घालत नाही की ताई, मला काय खायचं ते कळत नाही. ती म्हणते, कळतं हो, पुरत नाही. गरोदर आदिवासी बाईला एक वेळचं पूर्ण जेवण द्यायची अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. ती जिथे नीट चालते तिथे तिच्या गालावर ते दिसतं.

शंकेखोर : गालावरून आठवलं. आपल्या आपटा स्टेशनच्या फलाटावर १९९५ मध्ये सिनेमातली सिमरन गाडीमागे धावली, अख्ख्या देशाने ती धाव पाहिली. माझ्या वर्गातल्या मुली त्याच फलाटावर सकाळची गाडी धरायला धावतात. त्यांचंही कुणी एचबी काढलं तर निम्म्या रेघेखाली निघतील. पण त्या धावतात. शरीर सवय करून घेतं. म्हणून त्या तक्रारच करत नाहीत, आणि तक्रार नाही म्हणून गोळी खिडकीबाहेर. तुमच्या कार्यक्रमाचं दुखणं मला इथे दिसतं. आपण तिला तिचा आकडा सांगतो, तिचं दुखणं विचारत नाही. डॉ. राणी आणि अभय बंगांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना अंगावरचं पांढरं, पाळीचा त्रास, काही ना काही स्त्रीरोग. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या किती? आठ टक्के. या बायका काय खातात यावर आपण व्याख्यानं देतो. त्यांच्या अंगातून काय जातंय हे विचारायला कुणी गेलं होतं का?

सेविका : (थोडं थांबून) नव्हतं. मी खरं सांगते. माझ्या पहिल्या रजिस्टरात एचबीचा रकाना होता, गोळ्यांचा होता, वजनाचा होता. पाळीत किती दिवस जातं, किती घड्या लागतात, गाठी पडतात का, याचा रकाना नव्हता, म्हणून मी विचारलं नाही. आणि एक गोष्ट मला आजही टोचते. बाळंतपण झालं की तांबी बसवायचं उद्दिष्ट आमच्यावर असायचं. तांब्याच्या तांबीने पाळीत रक्त जास्त जातं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. ज्या बाईचं एचबी नऊ, तिलाही बसवली. पुढच्या महिन्यात तिच्याच हातात लाल गोळ्या ठेवल्या. एका हाताने नळ सोडला, दुसऱ्या हाताने हंडा भरत बसले. तांबी वाईट असं मी म्हणत नाही. लागोपाठची बाळंतपणं लांबली म्हणून कितीतरी बायका जगल्या, तेही रक्त वाचवणंच झालं. पण विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही की काय होतं ते बीडमध्ये दिसलंच. ऊसतोडीच्या बायकांची राज्याच्या समितीने २०१९ मध्ये चौकशी केली. ८२,३०९ बायका पाहिल्या, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. रक्त जातंय, काम बुडतंय, मजुरी कापतात, मग पिशवीच काढा. रक्त थांबवायचा तोही एक मार्ग झाला, सर.

शंकेखोर : म्हणजे आपण इतकी वर्षं खात्यात जमा तेवढी लिहीत आलो. खर्चाचं पान उघडलंच नाही. आता मी माझी शंका नीट मांडतो, कारण मघाशी मी ती गोळीवर काढली, ते चुकलं. ‘महाराष्ट्रात किती बायकांना अ‍ॅनिमिया आहे’ हा एक प्रश्न आणि ‘या बाईचं रक्त का कमी आहे’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पाहणी देते, बरंवाईट. दुसऱ्याचं उत्तर कुणी शोधलं नाही, पण गोळी वाटताना आपण ते सापडल्यासारखं वागतो. त्यामुळे आकडा वाढला की आपण गोळ्या वाढवतो. मला गोळ्या बंद करायच्या नाहीत. थोड्यांना, नेमक्या, कारण बघून द्याव्यात, एवढंच. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की रोज घेण्यापेक्षा दिवसाआड गोळी घेतली तर तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं. म्हणजे ढीग वाढवून पचनी जास्त पडतं असंही नाही.

सेविका : ‘थोड्यांना, नेमक्या’ हे ऐकायला गोड आहे. त्या थोड्या कोण, ते कोण ठरवणार? इथल्या कातकरी वाडीतली एक बाई डोळ्यांसमोर आणा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेलं कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि परततं पावसाच्या तोंडाशी. गरोदरपणाचा माझा कोर्स १८० दिवसांचा, भट्टीचा हंगामही जवळपास तेवढाच. तुमच्या पद्धतीने गेले तर पहिल्या भेटीत शिरेतून रक्त घ्यायचं, नमुना पुढे पाठवायचा, अहवालाची वाट बघायची. अहवाल येतो तेव्हा ती दुसऱ्या तालुक्यात माती तुडवत असते. म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी सगळी पाकिटं देते, कारण न बघता. तुम्ही याला आंधळेपणा म्हणाल.

शंकेखोर : म्हणणार नाही. पण तिचं रक्त बी-१२ साठी कमी असेल, तर ती सहा महिने आंधळेपणानेच लाल गोळ्या खाईल, हे तरी मान्य करा.

सेविका : मान्य. आणि तिला सिकलसेल असला, तर लोहाने तो हटणार नाही, हेही मान्य. पण ती लोहासाठीच कमी असली आणि मी अहवालासाठी थांबले, तर ती भट्टीवर सहा एचबीवर बाळंत होईल. या दोन चुकांपैकी कुठली करायची ते कुणीतरी उभ्या उभ्या ठरवायचं असतं, आणि ती ठरवणारी वाडीत बहुतेक वेळा मीच असते.

शंकेखोर : मग निदान एक करा. रक्त घेऊ नका, अहवाल मागवू नका. पहिल्या भेटीत फक्त विचारा, पाळीत किती जायचं?

सेविका : ते मी विचारायला लागलेय. रजिस्टरात रकाना नाही, म्हणून समासात पेन्सिलीने लिहिते. दोन मिनिटं लागतात. नवरा बाहेर गेला की तीन.

शंकेखोर : आणि ‘फार जायचं, गाठी पडायच्या’ असं उत्तर आलं तर?

सेविका : तर बाळंतपणानंतर तिला तांबी बसवू नका म्हणून कार्डावर लिहिते आणि पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून सांगते. ती हो म्हणते. माझ्या पिशवीत त्या दिवशी तिला द्यायला मात्र लाल गोळीच असते.